आमच्या बैलगाडीचा गार्ड

डोक्यावर टोपल्या वाहता वाहता मी गावच्या तलावाचा ठेका घेण्यापर्यंत पोहोचलो होतो. पण नागपूरच्या मासळीच्या व्यापाऱ्याने निरोप धाडला, आणखी एकदा टोपल्या स्टेशनावर राहिल्या तर तो दुसऱ्या गावाची मासळी घेईल. नागभीडकडून येणारी छोटी गाडी आमच्या स्टेशनात जेमतेम थांबे. आमचे मासे धरणारे ढीवर गडी आपापली टोपली घेऊन एकदमच सामानाच्या डब्याकडे धावत आणि दारात अडकत. मासे फलाटावर राहत आणि मी शिव्या देत बसे.

मी नवी रीत काढली. दारापर्यंत माणसांची रांग लावायची आणि टोपली हातोहात पुढे द्यायची. पण ही रीत खऱ्या गाडीवर शिकायची सोय नव्हती. तिथे चुकलो की व्यापारी गेलाच. म्हणून तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, बैलगाडी उभी केली, तिला बांबूच्या तट्ट्या बांधून सामानाचा डबा बनवला आणि टोपल्यांत माती भरली. धाकट्या साळ्याच्या हाती शिटी देऊन त्याला गार्ड केले.

पहिल्याच दिवशी सगळ्या टोपल्या चढल्या. दुसऱ्या दिवशीही चढल्या, तेव्हा मला संशय आला. पाहतो तर साळा माझ्या तोंडाकडे बघत उभा, आणि शेवटची टोपली चढल्यावरच शिटी मारतो.

"आधी काऊन नाई वाजवली रे?"

"भाऊजी, तुमची टोपली खाली असताना गाडी कशी सोडू? माही बहीण मले घरात जेवाले देईन का?"

म्हणजे गार्ड असा हवा होता की ज्याला माझे नुकसान पाहून आनंद होईल. असा गावात एकच माणूस होता, लिलावात बोली चढवून तलाव मला महागात पाडणारा माझा शेजारी. आमचे बोलणे बंद होते. तो बैलाला पाणी पाजत होता, म्हणून मी बैलाशीच बोललो.

"बैला, तुह्या मालकाले विचार, गार्ड होते का."

"बैला, त्याले सांग, रोज एक मरळ मासोळी लागन."

"अर्धी देतो म्हण."

"शेपटाकडची नाई चालणार म्हण."

मुंडक्याकडची अर्धी मासोळी ठरली. ते माझ्या मनाला अजून लागते.

गार्ड मात्र तो अस्सल निघाला. गड्यांनी कमरा कसायच्या आत शिटी मारी. एकदा माझा एक पाय गाडीत असताना त्याने बैल हाकले आणि मी पाठीवर आपटलो. गडी हसले, पण त्याची शिटी ऐकताच त्यांचे हात असे चालू लागले की मीच चकित झालो.

खऱ्या दिवशी तो मजा बघायला स्टेशनावर आला. गाडी लागली, रांग चालू झाली. अर्ध्या टोपल्या खालीच होत्या आणि रेल्वेच्या गार्डाने शिटी वाजवली. गडी आपले शांतपणे टोपल्या देत राहिले.

"शिटी झाली, कान फुटले का तुमचे?" मी ओरडलो.

रांगेतला म्हातारा म्हणाला, "भाऊ, आपल्या गार्डाने कुठी वाजवली अजून?"

गाडीने हिसका दिला, तशी शेजाऱ्याने खिशातून शिटी काढून जोरात फुंकली. दुसरी शिटी ऐकून ड्रायव्हर गोंधळला आणि इंजिन थबकले. गड्यांचे हात भराभर चालू लागले. खरा गार्ड लालबुंद होऊन उतरला.

"किसने बजाई?"

"मी," म्हणत मी त्याला आडवा आलो. मग गाडी इतकी कमी काऊन थांबते, डबा फलाटाच्या पुढे काऊन जातो, आमच्या गावाले माणसं राहत नाई का, असे सगळे मी त्याला ऐकवले. त्याने पोलिसाचे नाव काढले. मी आवाज आणखी चढवला. पाठीमागे शेवटची टोपली डब्यात आदळल्याचे ऐकू आले आणि मी हात जोडून माफी मागितली.

पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याचा निरोप आला, मासोळी ताजी होती, अशीच पाठवत जा. गाव म्हणाले, शेजाऱ्याने गाडी थांबवली. ती धरून कोणी ठेवली, हे कोणाच्या ध्यानात नाही. मी भांडलो यात लोकांना नवे काहीच वाटले नव्हते.