घुमघुम कुणाची

त्या हिवाळ्यात "तुमचे कान वाजत असतील" हे वाक्य कुलीपा एजेला चौघांनी ऐकवलं. त्यांत पहिली मी होते, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

बिश्केकमधल्या आमच्या पाचमजली इमारतीत, तळमजल्यावर, ती माझ्या समोरच्या दारात राहायची. एजे म्हणजे थोरली ताई; आम्ही सगळे तिला तसंच म्हणायचो. एकतीस वर्षं तिनं रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम केलं. उन्हाळ्यात उंचावरच्या कुरणांवर जायचं, यंत्र घोड्यावर लादायचं, आणि तंबूत बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी टेपवर उतरवून आणायची. ती निवृत्त झाली त्याच वर्षी जुन्या टेपा काढून टाकायचा हुकूम निघाला. एजे कचऱ्याच्या गाडीपुढे उभी राहिली. "माणसांचा गळा उकिरड्यावर टाकता? आधी मला टाका!" असं ओरडून तिनं चाळीसेक टेपा परत मिळवल्या. त्यांतली एकेक टेप ऐकायची, खराब जागा टिपून ठेवायच्या आणि मग ती संगणकावर उतरवायची, हे आता तिचं रोजचं काम होतं.

तिचा ॲम्प्लिफायर स्टुडिओतल्या एका मित्रानं हातानं बांधलेला होता. दोन माणसांना उचलावा लागे, आणि आतला ट्रान्सफॉर्मर खरबुजाएवढा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका सकाळी, तो पेटीतल्या पेटीत घुमायला लागला.

"ये, ऐक," म्हणून एजेनं मला ओढत नेलं. नारिनकडच्या डोंगरांतल्या एका म्हातारीचं अंगाईगीत लावलं होतं. म्हातारीचा दोन ओळींमधला श्वास घुमघुमीत बुडतो, असं एजेचं म्हणणं. मला... खरं सांगते, मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी रसायनशास्त्राची मास्तरीण, वर्गातल्या गोंगाटात जन्म गेला.

"एजे, कान वाजत असतील."

तिनं स्पीकरच्या दोन्ही तारा उपटल्या. "आता स्पीकर मेले ना? मग आवाज कशातून येतोय? हात ठेव इथे."

मी पेटीवर तळवा ठेवला. पेटी बारीक थरथरत होती. वाकून कान लावला, तर आत एखादा भुंगा कोंडल्यासारखा आवाज.

एजेनं आधी स्वतःच सगळं करून पाहिलं. ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट आवळला. खाली रबराचे तुकडे ठेवले. पेटी भिंतीपासून लांब सरकवली. घुमघुम जरा मऊ झाली, पण गेली नाही. मग तिनं रोमानला बोलावलं. आमच्या गल्लीतली बहुतेक विजेची कामं हाच माणूस करायचा.

रोमान आला, बूट न काढता आत शिरला आणि झाकण न उघडताच निकाल देऊन मोकळा झाला. "कुलीपा असानोव्हना, हे भंगार आहे. नवीन घ्या, हलकं, छोटं. माझ्या ओळखीत एक आहे."

"हे गेली पस्तीस वर्षं गप्प होतं. या महिन्यातच का बोलायला लागलं?"

"म्हातारपण. यंत्रालाही येतं." मग हसून, "आणि कानांनाही."

"बूट," एजे म्हणाली.

"काय?"

"बूट घालून माझ्या गालिच्यावर उभा आहेस. चल, चालता हो."

वीज कंपनीच्या माणसानं दारातूनच मीटर पाहिला, "लाइन ठीक आहे" म्हणाला आणि कानांबद्दल तेच बोलून गेला. एजेचा मुलगा एमिल तर तेच म्हणून तिला कानांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिला सर्वात जास्त लागलं ते हेच. डॉक्टरनं तपासून सांगितलं की अडुसष्टाव्या वर्षी इतके चांगले कान त्यानं पाहिले नव्हते. एजेनं तो कागद माझ्या दाराला चिकटपट्टीनं लावून ठेवला. मी दोन दिवस तो काढला नाही. शिक्षाच होती ती.

मग तिनं वही घेतली. घुमघुम कधी सुरू होते, कधी थांबते, रोज लिहायचं. तीन आठवड्यांनी वही घेऊन माझ्याकडे आली. डोळे असे चमकत होते की मला वाटलं भांडायलाच आली आहे.

"सकाळी साडेआठला सुरू. दुपारी एक ते दोन बंद. संध्याकाळी सातला बंद. रविवारी दिवसभर एकदाही नाही. सांग, भंगार रविवारी सुट्टी घेतं का?"

"साडेआठ ते सात..." मी म्हणाले, "खाली मेलिसचा कारखाना?"

आमच्या तळघरात मेलिस नावाच्या माणसानं शिवणकामाचा कारखाना थाटला होता. वीस-बावीस बायका तिथे शाळेचे गणवेश शिवायच्या. मला वाटलं, शिवणयंत्रांची थरथर भिंतीतून वर येत असेल. एजेनं नकारार्थी मान हलवली. विजेला दोन्ही बाजूंना सारखे हेलकावे घ्यावे लागतात, ती म्हणाली. कुणी एकाच बाजूचे हेलकावे ओढून घेऊ लागला, तर त्याच तारेवरच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधलं लोखंड कण्हायला लागतं. स्टुडिओत असं एकदा झालं होतं. "खाली कुणीतरी काहीतरी चावटपणा केलाय. चल."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही खाली गेलो. एजे वाटेत मेलिसला काय काय सुनावायचं ते पुटपुटत होती. तिनं दार उघडलं.

आत श्वासाची वाफ दिसत होती. बायका कोट घालून शिवत होत्या. बोटं कापलेले हातमोजे, डोक्याला घट्ट रुमाल, आणि पायांखाली पुठ्ठे. भिंतीवर सहा हीटर होते, सगळ्यांचे लाल दिवे चालू. एजेनं एकावर हात ठेवला. मीही ठेवला. रात्री विझवलेल्या चुलीला सकाळी असते, तेवढीच ऊब.

"हे चालू आहेत?" तिनं विचारलं.

गुलसून नावाची मुकादम उठून आली. चाळिशीची, हातांच्या कातडीला भेगा. "चालू आहेत, एजे. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी एवढंच. ऑक्टोबरात रोमान आला, भिंतीवरच्या त्या विजेच्या पेटीत काहीतरी बसवून गेला. तेव्हापासून हे असंच."

"पेटी उघड."

"मालक रागावतील."

"आणि मी रागावलेली दिसत नाही का?"

गुलसूननं पेटी उघडली. आत, पत्र्याच्या पंखांवर बसवलेला, अंगठ्याएवढा डायोड होता. एजेनं एका नजरेत ओळखला. याच्यातून वीज एकाच बाजूनं जाते. अर्धी आत, अर्धी बाहेरच. सहाही हीटर अर्धे. बटण कितीही फिरवा, बायकांना अर्धीच ऊब, आणि वर माझ्या शेजारणीच्या पेटीत भुंगा.

तेवढ्यात मेलिस आला. "आपा, इथे बाहेरच्यांना यायला बंदी आहे."

"मी बाहेरची? तुझी वीज माझ्या घरात शिरून कण्हते आहे, आणि बाहेरची मी? हे तू बसवलंस?"

"वायरिंग जुनं आहे, आपा. जास्त भार सोसत नाही. सुरक्षिततेसाठीच."

"मग तुझ्या खोलीतल्या हीटरला का नाही बसवलं?" हे गुलसून म्हणाली. इतक्या हळू, की मला वाटलं चुकून तोंडातून गेलं.

मेलिसचा चेहरा बदलला. "तू मशीनवर बस."

गुलसून बसली नाही. तिनं खाली वाकून आपल्या मशीनचं बटण बंद केलं. शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिनंही केलं. मग एकेक करत सगळ्या. ती शांतता मला आठवते. आणि त्या शांततेत एजेचा आवाज, जराही न चढवलेला:

"माझ्या कानात दोष आहे असं चौघांनी सांगितलं. आता मी सांगते दोष कुठे आहे. या बायांची बोटं बघ. बघ म्हटलं ना! यांच्या बोटांवर तू गणवेश विकतोस आणि यांना मोजून अर्धी ऊब देतोस? लाज नाही वाटत? मी कामगार खात्यात जाईन, आणि हा डायोड टेबलावर ठेवीन."

"जा," मेलिस म्हणाला. पण गुरुवारी माल गाडीत चढवायचा होता, आणि एकही मशीन चालत नव्हतं. पंधरा मिनिटं तो फोनवर येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी रोमान आला.

एजे त्याच्या समोर उभी राहिली. "माझ्या घरात उभा राहून तू मला म्हातारी ठरवलंस. तुला माहीत होतं का?"

"कुलीपा असानोव्हना, शपथेवर सांगतो, माझ्या लक्षातच आलं नाही. मालकानं सांगितलं, बसवलं."

"लक्षात आलं नाही! झाकण उघडलं असतंस तर आलं असतं. काढ ते."

त्यानं काढलं. वायरिंगला काहीही झालं नाही. दुपारपर्यंत बायकांनी कोट उतरवले. वर आलो तर ॲम्प्लिफायर चालू असूनही गप्प होता. एजेनं नारिनच्या म्हातारीची टेप लावली, आणि त्या दोन ओळींमधला श्वास या वेळी मलाही ऐकू आला. एजे ऐकत नव्हती. तिचा राग अजून उतरला नव्हता.

"मी आवाजासाठी गेले गं," ती म्हणाली. "तीन आठवडे वही लिहीत बसले. खाली त्या गारठत होत्या, आणि मी वेळा टिपत होते."

फेब्रुवारीत मेलिसनं कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवला. जागा छोटी पडते, असं त्यानं सांगितलं. एजेचा त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही. गुलसूननं फोनवर "इथे बरं आहे, एजे" म्हटलं, तरी पुढच्याच सोमवारी एजे दोन मिनीबस बदलून तिथे गेली. संध्याकाळी ती परत आल्यावर मी विचारलं, "हीटर?"

"तापतात. चटका बसेल इतके." तिनं रुमाल सोडला. "पण बावीस बायकांना एकच संडास, आणि त्याला कडी नाही. उद्या पुन्हा जाते."