कोबी झालेलं कमळ

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर साबुदाण्याची खळ घोटत होते. फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिले. खळ खाली लागली, घरभर करपट वास भरला, तरी उठवेना. माणूस गेलं की आधी रडू येतं म्हणतात... मला आधी झोप आली. महिनाभर दवाखान्यातल्या बाकड्यावर काढला होता, अंगात काही उरलंच नव्हतं.

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. पारनेरजवळच्या आमच्या गावातल्या विहारात बुद्धपौर्णिमेला मूर्तीपुढं त्यांच्या हातचं कापडी कमळ असायचं. वंदनेला नेसून नेसून विरलेलं स्वतःचं पांढरं पातळ त्या त्यासाठी फाडायच्या. नवं कापड आडमुठं असतं, ऐकत नाही, म्हणायच्या. कापलेल्या पाकळ्या खळीत बुडवून वाळवायच्या आणि तापल्या चमच्याच्या पाठीनं एकेक वळवायच्या. एका वर्षी खळीत चिमूटभर मोरचूद घालायचं राहिलं आणि मुंग्यांनी अख्खं कमळ कुरतडलं. अक्का हसल्या. मुंग्याबी पौर्णिमेला जेवल्या, म्हणाल्या, आणि दुसरं करायला बसल्या.

यंदा पौर्णिमेच्या महिना-दीड महिना आधी त्यांची डावी बाजू गेली. नगरच्या दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांना घोर एकच, कमळाचा. आपण नसलो तर पोरं बाजारातून प्लॅस्टिकचं आणतील, ही धास्ती. मग मलाच कामाला लावलं. मी घरी जाऊन, जमेल तसं करून, पिशवीतून घेऊन आले. अक्कांनी ते एका हातानं फिरवून फिरवून पाहिलं.

"शांता, हे कमळ न्हाई. कोबी हाय."

मी इतकी दमले होते की मला रागच आला. "मग तुमीच उठा आन करा," म्हणाले. तेवढ्यात चहा आला. अक्कांनी तो प्यायलाच नाही. बाहेरची एक पाकळी वाफेवर धरली, मग गरम पेल्याला टेकवून उजव्या अंगठ्यानं दाबत राहिल्या. बराच वेळ... थोडा चहा सांडलाही.

"अशी वळव. बाकीच्या तू कर," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

ते कमळ पिशवीत घालून, नव्या पाकळ्या करायला म्हणून मी घरी आले, खळ चढवली, आणि फोन आला.

पौर्णिमेला विहारात मी केलेलं दुसरं कमळ ठेवलं. बायका म्हणाल्या, अगदी अक्कांच्या हातचं वाटतंय. मी मान हलवली, वाद घालायचं त्राण नव्हतं. पहिलं कमळ घरी फळीवर आहे. धूळ बसते, टाकू का, असं सुनेनं दोनदा विचारलं. नको म्हणाले. त्याची बाहेरची एक पाकळी अलगद वळली आहे, कडेला चहाचा पुसट डाग आहे. बाकी सगळा कोबी. तेवढी एक पाकळी कमळाची.