बोरीबंदरला मोराचा एक फोटो

"मला बोरीबंदर बघायचंय," बाबांनी एका सकाळी चहाबरोबर जाहीर केलं. चौतीस वर्षं वसईहून चर्चगेटला नोकरीला गेलेला माणूस, पण ते दुसरं स्टेशन कधी निवांत पाहिलंच नव्हतं म्हणे. आई गेल्यापासून बाबा काहीबाही विसरायला लागले होते. कधी गॅस, कधी वार. मला जायचं नव्हतंच. भीती वाटत होती, खरं सांगते. पण हट्ट म्हणजे हट्ट! मी त्यांच्या पाकिटात आमचा माणिकपूरचा पत्ता आणि माझा नंबर लिहून ठेवला, त्यांचा मोबाइल पूर्ण चार्ज केला, आणि दुपारची रिकामी गाडी बघून आम्ही निघालो. चर्चगेटहून टॅक्सी केली.

स्टेशनात शिरल्यावर बाबांनी मान वर केली ती खाली घेईचनात. दगडातली माकडं, पानंफुलं, रंगीत काचा. "बघ गं, मोर!" मला कसला मोर! मी त्यांची बाही धरून चाललेली. शेवटी तेच वैतागले. "अगं, सोड की! फोटो तरी काढ एखादा." मी मोराचा फोटो काढला. एकच. वळून बघते तर बाबा नाहीत.

फोन लावला, तर तो माझ्याच पर्समध्ये वाजला! गाडीत चढण्याआधी पाकीट आणि मोबाइल घरातल्या बाईच्या पर्समध्ये टाकायचा, ही बाबांची खिसेकापूंच्या भीतीने लागलेली जुनी सवय. बाबांनी वसईला दिलं आणि मीही काही विचार न करता ठेवून घेतलं. पत्ता, नंबर, फोन सगळं माझ्या खांद्याला, आणि माणूस गायब. असा संताप आला स्वतःचा!

तिकीट खिडक्या, पाण्याचे नळ, बाहेरचा रस्ता, सगळीकडे धावले. पोलिसाला सांगितलं, "पांढरा शर्ट, चष्मा." निम्मं स्टेशन तसंच दिसत होतं. मग एकदम आठवलं. लहानपणी मुंबईला यायचो तेव्हा बाबा जेन्ट्समध्ये, आई आणि मी लेडीजमध्ये. बाबांचा नियम होता, चुकामूक झाली तर लेडीज डबा लागतो तिथे येऊन थांबायचं. तिघं जमेपर्यंत कोणी हलायचं नाही.

तिसऱ्या प्लॅटफॉर्मवर सापडले. लेडीज डब्याच्या जागी, हात मागे बांधून, अगदी शहाण्यासारखे.

"काय हे बाबा! जीव गेला असता माझा!" मी ओरडलेच, आणि रडूही फुटलं.

"ओरडतेस काय? मी हललोय का इथून?" ते म्हणाले. मग माझ्या मागे, पार गेटापर्यंत बघितलं. "आई कुठाय तुझी?"

समोरची गाडी सुटली. दुसरी लागली. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि तिथेच उभी राहिले.