पुढच्या वळणावरची विहीर

माझ्या मावशीच्या यजमानांइतका पाण्याचा दर्दी निजामाच्या सबंध राज्यात दुसरा नव्हता, आणि त्यांनी खोदली तितकी कोरडी विहीरही सबंध राज्यात दुसरी नव्हती. मावशी आईपेक्षा धाकटी, म्हणून तिचे यजमान आमचे चिकप्पा. आमच्या सरहद्दीवरच्या घरांत बोलणे मराठी असले तरी बरीचशी नाती कानडीत लागतात. मंठाळला त्यांचे किराण्याचे दुकान होते. गूळ कसा आहे म्हणून विचारले तर ते "बरा हाय" एवढेच म्हणत. पाण्याचा विषय निघाला तर मात्र गिऱ्हाईक दिवे लागेपर्यंत सुटत नसे. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला भजनाचा, कुणाला कबुतरांचा. चिकप्पांना पाणी चाखण्याचा होता. कुणाच्याही घरी गेले की तांब्या तोंडाला लावण्याआधी ते ओंजळीत घोटभर पाणी घेत, डोळे मिटून ते जिभेवर फिरवत आणि हे कोणत्या विहिरीचे ते सांगत. विहीर काळीतली की मुरमातली, वर झाड चिंचेचे की लिंबाचे, हेही सांगत. एकदा कमलनगरला लग्नाच्या भरल्या पंगतीत त्यांनी असाच घोट घेतला आणि डोळे न उघडताच म्हणाले, "यजमान, ह्यातलं निम्मं पाणी म्हशी धुत्यात त्या बारवेचं हाय." अर्धी पंगत हात तसेच घेऊन उठली. यजमानाने शपथा घेतल्या, पाणक्याने आधी कानावर हात ठेवले आणि मग कबूल केले. नवऱ्याचा मामा तेव्हा जे म्हणाला ते आमच्याकडे अजून म्हणतात : "ह्या पाहुण्याला फुडच्या लग्नाला जेवायला बोलवा, पाणी मात्र घरून आणायला सांगा."

ही विद्या त्यांना त्यांच्या आईकडून मिळाली होती. तिला सगळे अव्वाच म्हणत. अव्वा तर चिकप्पांच्याही पुढे होती. पाणी कोणत्या विहिरीचे हे लेक सांगणार, तर ते कालचे की आजचे, तांब्याच्या घागरीतले की मातीच्या, हे ती सांगणार. दुपारी दुकान बंद असले की मायलेक ओसरीवर बसत आणि आळीतल्या बाया मुद्दाम कुठकुठले पाणी आणून दोघांची परीक्षा घेत. चिकप्पा हरले की अव्वा बोळक्या तोंडाने हसून म्हणायची, "दुकानात बसून जीभ मिठाची झालीया तुझी."

मी हैदराबादला भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या दोन्ही घराण्यांत माझ्याआधी सगळ्यात जास्त शिकलेला माणूस चौथी नापास होता. हे मी तेव्हा अभिमानाने सांगत असे, आजही सांगतो. सुटीत मी मंठाळला गेलो की चिकप्पा मला दुकानाच्या गादीवर बसवत आणि येईल त्याला म्हणत, "हा आमचा तम्मा. जमिनीच्या पोटात काय हाय ते सांगतो." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, पण धाकट्या कुणालाही लाडाने म्हणतात. गिऱ्हाईक विचारी, "वरचं न्हाई सांगत व्हय?" चिकप्पा म्हणत, "वरचं तुला दिसायलंय की."

तर विहीर. पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी चिकप्पांनी ओढ्याकाठचा आपला काळ्या मातीचा तुकडा एकाला देऊन टाकला आणि बदल्यात सोलापूरकडे जाणाऱ्या वाटेवरच्या माळाचा तुकडा घेतला. त्या माळावर कुसळेसुद्धा नाखुशीने उगवत. ज्याने हा सौदा केला तो पुढे आठ दिवस चिकप्पांसमोर आला नाही, त्यांचे डोके ठिकाणावर येईल आणि ते सौदा मोडतील या भीतीने. मावशीने दोन दिवस चूल पेटवली नाही. "कामून घेतलाव?" म्हणून सगळ्या गावाने विचारले. चिकप्पांचे उत्तर एकच : "विहीर खांदायची हाय." तिथे का, असे विचारले की म्हणत, "हौस."

हौस म्हणजे किती, तर दर सोमवारी. आमच्याकडे सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत आणि सगळे गाव पारावर बसून असते. चिकप्पा दुकानाला कुलूप लावून पहार, टिकाव आणि घमेले घेऊन माळावर जात. कुणी म्हणाले, "अहो, आज बैलालाबी सुट्टी हाय," तर म्हणत, "मी कुठं बैल हाय?" त्यावर पारावरून हमखास आवाज येई, "बैल शाणा हाय!" दोन वडार गडी मदतीला असत, तेही पुढे पुढे त्यांना समजावू लागले. एका पुरुषावर, म्हणजे माणूस हात वर करून उभा राहील एवढ्या खोलीवर, खडक लागला, दोनवर पांढरा मुरूम, तीनवर पुन्हा खडक. चिकप्पा प्रत्येक थरातला एकेक दगड आणून दुकानात गुळाच्या ढेपांशेजारी मांडून ठेवत. तहसीलचा एक साहेब काडेपेटी घ्यायला आला, तर त्याला त्यांनी सगळे दगड वरपासून खालपर्यंत क्रमाने दाखवले. साहेब काडेपेटी न घेताच गेला. उन्हाळ्यात ते खड्ड्याच्या तळाशीच शिदोरी सोडत. वरून मावशी ओरडे, "वर या की, दुकानाची किल्ली द्या!" खालून उत्तर येई, "तू खाली ये, हितं गार हाय!"

माझे शेवटचे वर्ष संपले त्या उन्हाळ्यात सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर कल्याणला, आमच्या तालुक्याच्या गावी, माझ्यासाठी निरोप आला : "पाणी लागलं. अव्वाला सांगू नको. तू ये." मी गेलो. चार पुरुष खोलीवर, तळाशी, खरोखरच घोट्याएवढे पाणी होते. चिकप्पा काठावर बसले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तोंडावर असे काही की मला वाटले या माणसाचे लग्न आजच झाले आहे. त्या दिवशी त्यांनी मला कारण सांगितले. एकदाच सांगितले, पुन्हा कधी नाही.

रझाकारांच्या दंग्याच्या वर्षी उन्हाळ्यात अर्धे गाव सोलापूरकडे पायी निघाले होते. चिकप्पांच्या पाठीवर बोचके होते, शेजारी अव्वा. भर दुपारी या माळावर अव्वा खाली बसली आणि म्हणाली, पाणी. पाणी नव्हते. चिकप्पा म्हणाले, "त्या वळणावर विहीर हाय, अव्वा. एवढं चल." ती उठली. वळणावर काही नव्हते. ते म्हणाले, पुढच्या वळणावर. असे करत करत त्यांनी तिला सगळा माळ चालवला. उतारावरच्या वस्तीत पाणी मिळाले आणि माणूस वाचले. पण तिथे बायांनी विचारले तेव्हा अव्वा म्हणाली, "वाटंत विहीर हाय म्हणं. आमच्याच डोळ्याला दिसली न्हाई. माझा ल्योक खोटं बोलत न्हाई."

"तवापासनं," चिकप्पा म्हणाले, "तिनं असं म्हटलेलं माझ्या कानात हाय. ती असंपतोर हितं विहीर पायजे, तम्मा. गाडीत घालून आणीन, हितलं पाणी पाजीन. मग मी खोटा न्हाई."

मी डोळे पुसले, आणि मग शिकलेल्या माणसासारखा विहिरीत उतरलो. तळ ठोकून पाहिला. म्हणालो, "हे पाणी पुरायचं नाही. खाली सलग खडक आहे. दोन सुरुंग लावा, खालचा झरा वर येईल. कंबरभर पाणी उभं राहील." चिकप्पांनी ओंजळीत थोडे पाणी घेतले, डोळे मिटले. "न्हाई रे. हे वरचंच हाय. मुरमाची चव लागायली. खालचं असतं तर गार लागलं असतं. हा खडक ह्याला धरून बसलाय, असं वाटतंय."

मी हसलो. मला ते हसणे आठवते. म्हणालो, "चिकप्पा, विहीर जिभेनं खोदत नाहीत."

त्यांनी ओंजळीतले पाणी खाली सोडून दिले. मग म्हणाले, "बरं बाबा. तू शिकलायस."

सुरुंग लावले. धूर आणि धूळ बसल्यावर आम्ही वाकून पाहिले. पाणी गढूळ होऊन मधोमध गरगर फिरत होते, न्हाणीच्या मोरीत फिरते तसे. दुपारपर्यंत तळाशी ओला चिखल होता. दुसऱ्या दिवशी तोही नव्हता. खडक खरोखरच पाणी धरून बसला होता, आणि मी त्याची बोटे सोडवली होती. जे चार वर्षे वर्गात बसून मला कळले नाही ते त्यांना ओंजळभर पाण्यात कळले होते.

गावात चिकप्पांनी सांगितले, "सुरुंग म्या माझ्याच मनानं लावला. तम्मा नको म्हणायलता." त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी पुढची वर्षे सुखाने जगलो असतो.

पुढे दोन वर्षे ते खोदत राहिले. सहा पुरुष, सात पुरुष. वडार निघून गेले. गुळाशेजारच्या दगडांची रांग वाढत गेली, पण आता ते कुणाला दाखवीत नसत. इकडे अव्वाने अंथरूण धरले. मग एका सोमवारी चिकप्पांनी गाडी जुंपली. आयुष्यात त्यांनी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवले ते तेवढेच. मीही गाडीत होतो. आदल्या दिवशी ते उमरग्याकडच्या एका लांबच्या खेड्यात जाऊन घागरभर पाणी घेऊन आले होते. अव्वाने जन्मात त्या विहिरीचे पाणी प्यायलेले नव्हते, याची त्यांनी दहादा खात्री करून घेतली होती. घागर दोराने विहिरीत सोडून ठेवलेली होती. अव्वाला आम्ही काठाशी टेकून बसवले. तिला आता दिसत नव्हते. चिकप्पांनी दोर ओढला, मुद्दाम घागर भिंतीला आपटत आपटत, आवाज करत वर काढली.

"अव्वा, आपली विहीर. त्या दिवशीची."

अव्वाने ओंजळ पुढे केली. घोट घेतला. जिभेवर फिरवला. किती वेळ फिरवला! चिकप्पा श्वास धरून तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

"काळीतलं हाय," ती म्हणाली. "माळाचं न्हाई." मग सगळी ओंजळ पिऊन टाकली, हात लुगड्याला पुसला. "लहानपणापासनं खोटं बोलायला येत न्हाई तुला. त्या दिवशीबी आलं न्हाई. पहिल्या वळणालाच कळलंतं मला."

"मग चाललीस कामून?" चिकप्पा कसेबसे म्हणाले.

"तू सांगायलतास म्हणून."

आठ-दहा दिवसांत अव्वा गेली. चिकप्पांची जीभही गेली. घरोघरी लोक पाणी देत, चिकप्पा गटागटा पिऊन तांब्या परत करत. कुणी मुद्दाम विचारले, "कुठलं वो हे?" तर म्हणत, "पाणी हाय." दुकानातले दगड एके दिवशी मावशीने घरामागच्या परड्यात टाकले. 

मग हैदराबादचे राज्यच मोडायला निघाले. आमचा तालुका म्हैसूरकडे जाणार, उमरगा मुंबईकडे, अशी बोलणी पारावर चालली होती, त्या सुमारास मी मोटारीने सोलापूरला निघालो होतो. सोमवार होता. माळावर विहिरीच्या काठाशी चिकप्पा दिसले म्हणून मी मोटार थांबवून उतरलो. त्यांच्या खांद्यावर कावड होती, दोन घागरी भरलेल्या. गावापासून पायी आणलेल्या. त्यांनी एक घागर उचलली आणि हळूहळू विहिरीत ओतली.

"चिकप्पा, हे काय करायलाव? जिरून जाईल की."

"जिरू दे. पडल्याचा आवाज तर येतोय." ते काठावर वाकून कान देऊन उभे राहिले. मीही उभा राहिलो. ते पाणी कोणत्या भेगेतून कुठे जाते ते मला सांगता येते. तेवढेच मला सांगता येते.

"तम्मा," ते म्हणाले, "आवाजावरनं खाली जरा साठल्यागत वाटतंय का रे? तू शिकलायस."

रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजत होता. खाली काहीही नव्हते.

"व्हय, चिकप्पा," मी म्हणालो. "साठायलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, अव्वाने घोट जिभेवर फिरवावा तसे, सावकाश. मग वाकून दुसरी घागर उचलली.