सगळ्या बस चालू होत्या

ते टायरवर पाना आपटत आणि मान तिरकी करून ऐकत. बसमध्ये चढले तरी बसत नसत. इंजिनाच्या झाकणाशी उभे राहत. नट दातात धरत. डब्याआधी हात रॉकेलने धूत, त्यामुळे जेवणालाही तोच वास. घरातला पंखा मात्र वर्षभर कुरकुरत होता. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणत, “त्याला चाकं लावते, म्हणजे बघतील.”

ते शहर बस डेपोचे मिस्त्री. मी तिथे गाड्यांच्या वेळा नोंदवतो. सरकारी अनुदान एखाद्या वर्षी येई, मग येतच नसे. तोवर मिस्त्री एका बसचा भाग काढून दुसरीला लावत. यंदा दरवर्षीचं कायमचं अनुदान द्यायचं का, हे ठरवायला समिती येणार होती. नाही मिळालं तर डेपोला कुलूप.

डेपोच्या साहेबांनी बजावलं होतं, बंद बस बंदच दिसू द्या, तरच पैसे मिळतील. मिस्त्रींनी मान डोलावली.

समितीने पुढच्या रांगेतली एकेक बस चालू करून पाहिली आणि मंडळी चहाला बसली. तेवढ्यात मिस्त्रींनी त्या बसच्या बॅटऱ्या काढून मागच्या रांगेतल्या बंद बसमध्ये बसवल्या. चहानंतर मागच्याही सगळ्या किल्ली फिरवताच धडधडल्या. साहेबांचा चेहरा उतरला. मी नंतर विचारलं, असं का केलंत?

“परक्यांसमोर लेकरांना आजारी म्हणून निजवून ठेवू?”

महिन्याभराने निर्णय आला. गाड्या आहे त्यात उत्तम चालतात. कायमच्या अनुदानाची गरज नाही.

साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, “मिस्त्री, एक दिवस वाईट काम करता आलं नाही तुम्हाला.”

त्यानंतर मिस्त्रींनी डबा आणणं सोडलं. गाड्या भंगारात विकल्या गेल्या. त्या ओढून नेणार होते. मिस्त्रींनी साहेबांकडे एवढंच मागितलं, की फाटकाबाहेर प्रत्येक गाडी स्वतःच्या इंजिनावर जाऊ दे. तीच बॅटरी एकीतून दुसरीत लावत त्यांनी गाड्या बाहेर काढल्या. लोक काम सोडून बघत होते.

काल शेवटच्या बसपाशी ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

काकूंनी दवाखान्यात मला एकच विचारलं, “गेल्या का सगळ्या गाड्या बाहेर?”

मी हो म्हणालो.

आज डेपोत गेलो. शेवटच्या बसचं झाकण उघडंच आहे. बॅटरी जागेवर आहे. एक तार जोडलेली. दुसरीचा नट अर्धाच फिरलाय, पाना त्यावर तसाच अडकून आहे.