झांझिबारहून एकटीच परतलेली नवरी

ती बेपत्ता माणसाची, आमच्या भाषेत मिसिंगची, केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, ‘शेंद्रा गावातली एक नवी सून आफ्रिकेत नवऱ्याला मारून एकटीच परत आलीय.’

पाठोपाठ त्या नवऱ्या मुलाची आई आली. लग्नानंतर जोडपं झांझिबार बेटावर फिरायला गेलं होतं. मुलाला लहानपणापासून समुद्र बघायचा होता. त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली, आणि तो तिथल्याच कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा. आता त्याचा फोन बंद होता. आम्ही मिसिंग दाखल केली.

सून शहरातल्या शहागंजमधल्या बांगडीवाल्याची मुलगी. सासरी तिनं सांगितलं होतं, त्यांचं विमान चुकलं. महिला अंमलदारासमोर जबाब घेतला, तेव्हा म्हणाली, ते मित्राकडे थांबलेत. मित्राचं नाव सांगेना. खोटं बोलणारा माणूस सहसा तपशील वाढवत जातो; ही दर वेळी कमी करत होती. बुडाल्याची कुठून खबर नव्हती, भांडणाचा पुरावा नव्हता. मला काही उलगडेना. बाहेर सासरची माणसं जमून तिला अटक करा म्हणत होती.

शेवटी मी तिला सांगितलं, गप्प राहिलीस तर खुनाचा संशय तुझ्यावरच राहील. ती बराच वेळ रडली.

“हळद उतरायच्या आत नवऱ्यानं टाकलं, हे कोणत्या तोंडानं सांगू, साहेब?”

तिच्याकडं तिथल्या लॉजचा नंबर होता. आम्ही व्हिडिओ कॉल लावला. पोरगा समोर आला. गुडघ्यापर्यंत ओली वाळू, अंग उन्हानं रापलेलं.

“तिला काय म्हणू नका, साहेब. तिनं लई समजावलं. मीच नाय आलो.”

का, विचारलं तर नीट सांगता येईना. ओहोटीला पाणी लांब जातं, मग बाया समुद्रात खुंट्या ठोकून दोरीला शेवाळ लावतात, त्याची शेती करतात, तो त्यांच्या हाताखाली राबतो, एवढंच बोलला.

शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं फोन हातात घेतला. “तिथं आपलं कोन हाय रं?”

“कोनीच नाय, आई. म्हणून बरं वाटतंय.”

आईनं फोन माझ्या हातात परत दिला. गुन्हाच घडला नव्हता. ‘व्यक्ती मिळून आली’ असा शेरा मारून मी मिसिंग बंद केली. सुनेला तसं सांगितलं.

“मिळून आले म्हणजे कुणाला, साहेब?” तिनं विचारलं.

व्हिसा संपल्यावर पोरगा परतला आणि पुन्हा कारखान्यात लागला. ती मात्र सासरी गेली नाही. वाळूजला नोकरी करते. निनावी फोन मुलाच्या चुलतभावाचा निघाला. त्याला समज देऊन सोडलं.

नोकरीभर मी समजत होतो, माणूस सापडला की तपास संपतो. तो पोरगा कशापासून पळाला, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यालाही येत नसावं. पण त्याच्या पळण्याची शिक्षा ठाण्याच्या बाकावर बसून कुणी भोगली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.