मर्यादा वाढली तेव्हा

ताई नागपूरची नोकरी सोडून घरी परत आली, त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पाऊस पडला. आसगावला आमचा धान कापून पडला होता. कापलेल्या धानाच्या ओळी, ज्यांना आम्ही कडपा म्हणतो, बांधीतल्या, म्हणजे शेताच्या वाफ्यातल्या, पाण्यात बुडाल्या. ऊन पडल्यावर उचलायला गेलो तर लोंब्यांना पांढरे कोंब फुटले होते. आईने शेताच्या धुऱ्यावर बसून नुसतं बघितलं. ताई मात्र एक लोंबी घेऊन हातावर चोळत बसली आणि म्हणाली, "याले दोन दिवस गरम हवा भेटली असती तं हा वाचला असता."

ताई माझ्याहून मोठी. कॉलेजात मुलांना शेतीची अवजारं आणि यंत्रं शिकवायची. कंत्राटी नोकरी होती, दर वर्षी नव्याने मुलाखत द्यावी लागायची आणि त्याला ती कंटाळली होती. माझं तुमसरला घरालगतच पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप आहे. राइस मिलच्या मशिनींची दुरुस्ती, एलिव्हेटरचे डबे, चाळण्या, वेल्डिंग, अशी कामं. धान सुकवायची यंत्रं मोठ्या मिलमध्ये असतात, ती मला माहीत होती. पण दोन-तीन एकरवाल्याचा धान सुकवील, ट्रॅक्टरच्या मागे जोडून गावात नेता येईल आणि धानाच्या भुशाच्या भट्टीवर चालेल, असं यंत्र कुणाकडे नव्हतं. ते ताईच्या डोक्यात बसलं.

लहान उद्योगांना संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळतं, हे तिनेच शोधून काढलं. मला ते खोटंच वाटलं होतं. आमच्यासारख्यांना सरकार संशोधनाला कशाला पैसे देईल? पण दिले. मंजुरीचा मेल आला त्या दिवशी ताई शेडमध्ये आली, मी कटिंग करत होतो, तिने मशीनचं बटनच बंद केलं आणि म्हणाली, "आजपासून तू संशोधक आहेस. चष्मा पूस."

अडचण एकच होती. योजनेत एका प्रकल्पाला किती मिळेल याला मर्यादा होती. ताईच्या आराखड्यात दोन ड्रम होते. एकात धान गरम करायचा, दुसऱ्यात थोडा वेळ निवू द्यायचा, मग परत गरम करायचा. शिवाय भट्टीची आच आपोआप कमीजास्त करणारं कंट्रोल. हे सगळं त्या मर्यादेत बसत नव्हतं. ती एक दुपारभर आराखडा समोर ठेवून बसली आणि शेवटी दुसरा ड्रम खोडला. कंट्रोलही खोडलं.

"आच हातानं सांभाळू," ती म्हणाली.

"जमेल का पन?"

"नाई जमणार. पण एवढ्या पैशात हेच होते."

यंत्र झालं. दिसायला चांगलं होतं, मी हिरवा रंग दिला होता. पुढच्या हंगामात परत पाऊस आला आणि सानगडीच्या एका शेतकरी काकांनी आपला भिजलेला धान आमच्या हवाली केला. ताईने आधीच सांगितलं होतं की हा प्रयोग आहे. काका म्हणाले, "असाही सडूनच राहिला आहे, लावा." दिवसभर आम्ही त्यांच्या खळ्यावर भुसा टाकत, आच बघत उभे होतो. वारा फिरला की भट्टी भडकायची, मी झडप ओढायचो, तोवर एका बाजूचा धान जास्त तापलेला असायचा. संध्याकाळपर्यंत धान खडखडीत सुकला. बायका हातात घेऊन वास घेत होत्या. त्या रात्री घरी जेवताना ताई खूप बोलली.

मग तो धान मिलमध्ये भरडला. तांदळाचा तुकडा पडला, म्हणजे आमच्या भाषेत कनकी, आणि ती इतकी की अख्खा दाणा शोधावा लागत होता. एकदम तापून, न निवता परत तापला की दाणा आतून तडकतो. दुसरा ड्रम त्याच्यासाठीच होता.

काका भांडले नाहीत. पोत्यात हात घालून कनकी वर काढली, बोटांमधून खाली सोडली. "बाई, सडका वास नाई आला, हे खरं आहे," ते म्हणाले. "पन एवढी कनकी कोन घेते?"

ताईने अहवालात जसं झालं तसं लिहिलं. प्रयोग अंशतः यशस्वी, असा शेरा मिळाला. पुढे काय, ते कुणीच सांगितलं नाही.

वर्षभराने नागपूरला एक बैठक ठरली. अनुदानाची मर्यादा बदलायची का, यावर अनुदान घेतलेल्या लहान उद्योगांचं म्हणणं ऐकून घेणार होते. ताईला बोलावणं आलं. मी गाडी चालवायला म्हणून गेलो आणि मागच्या खुर्चीवर बसलो. बहुतेक लोक नमस्कार, आभार, असंच बोलले. ताई उठली आणि दुसरा ड्रम कसा खोडला, तिथपासून कनकीपर्यंत सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. "अर्ध्या यंत्राले पैसे देऊन काय फायदा?" ती म्हणाली. एरवी सभेत ती शुद्ध बोलायची, त्या दिवशी घरचीच भाषा आली.

समोरचे अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "मॅडम, एकूण निधी तेवढाच राहणार आहे. मर्यादा वाढवली तर प्रकल्प कमी होतील. चालेल?"

"कमी होऊ द्या," ती म्हणाली. "पण जे होतील ते पूर्ण होऊ द्या."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. परतीच्या वाटेवर भंडाऱ्याला आम्ही चहा घेतला, तेव्हा ती म्हणाली, "पहिल्यांदा वाटलं रे, कोणी ऐकून राहिलं आहे."

खरंच ऐकलं होतं. काही महिन्यांनी नवे नियम आले. मर्यादा चांगली वाढली होती. दोन ड्रम, कंट्रोल, सगळं बसलं असतं. ताईने मोबाइलवर वाचायला सुरुवात केली तेव्हा हसत होती. अर्ध्यातच तिने मोबाइल माझ्याकडे दिला. प्रत्येक प्रकल्पात चौथा हिस्सा आपला घालायचा, हा नियम जुनाच होता. पण मर्यादेबरोबर प्रकल्प मोठा झाला, म्हणून तो चौथा हिस्साही मोठा झाला. शिवाय रक्कम मोठी म्हणून बँकेची हमी हवी. शिवाय उद्योगाची उलाढाल अमुक इतकी हवी, आणि आमच्या शेडची त्याच्या जवळपासही नव्हती. जुनी, लहान रकमेची मदत बंद केली होती.

मी वाचून झाल्यावर म्हणालो, "तू काहून बोलली तिथं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "खोटं बोलली का?"

"खोटं नाई. पन आपल्याले काय भेटलं? अर्धं तं अर्धं, भेटत तं होतं."

"अर्ध्यानं त्या काकाचा धान कनकी झाला."

बोलणं वाढलं. मी म्हणालो, तुला टाळ्या हव्या होत्या. ती म्हणाली, तुला फक्त हिरवा रंग द्यायला यंत्र हवं आहे. दोघंही असं कधी बोललो नव्हतो. आई आतून येऊन दारात उभी राहिली, तेव्हा थांबलो.

ओळखीतला एक मिलवाला आमच्याबरोबर अर्ज करायला तयार झाला. त्याचा हिस्सा, त्याची उलाढाल, त्याची हमी. अट एवढीच की यंत्र त्याच्या मिलच्या मापाचं व्हावं, चाकांचं वगैरे काही नको. मला त्यात गैर वाटलं नाही. निदान काम चालू राहिलं असतं. ताईने त्याच्या ऑफिसात बसून नीट ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाली, "शेठ, असं यंत्र बाजारात तयार भेटते. त्याच्यासाठी संशोधन कायले?" तो हसला, पण नंतर त्याने परत फोन केला नाही.

नव्या मर्यादेत ज्यांना अनुदान मिळालं त्यांतल्या एका कंपनीने धान सुकवायचंच यंत्र केलं. साकोलीला त्याचं प्रात्यक्षिक होतं. आम्ही दोघं गेलो. यंत्र उत्तम होतं. धान निवायला वेगळी टाकी, आच आपोआप सांभाळली जात होती, तडकलेला दाणा जवळजवळ नाही. ताईने मूठभर धान घेऊन एक दाणा दातांखाली धरला आणि मान हलवली. "चांगलं झालं आहे," ती म्हणाली. तिला त्यात आनंदही झाला होता, मी ओळखतो तिला. मग तिने विचारलं की हे गावात कसं न्यायचं. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, इसको शेड लगता है. किसान लोग माल लेके आएंगे ना." ओला धान वीस-पंचवीस किलोमीटर कोण नेणार, आणि दोन-तीन एकरवाल्याचा एवढासा धान तिथे कोण घेणार, हे तिने विचारलं नाही. आम्ही पत्रक घेतलं आणि निघालो.

त्याच कंपनीने पुढे तिला रायपूरच्या कारखान्यात नोकरी देऊ केली. चाचणी विभागात. मला वाटलं ती नाही म्हणेल. महिनाभराने एके दिवशी ती बॅग भरायला लागली. "पगार दर महिन्याले येते," एवढंच म्हणाली. स्टेशनवर रायपूरच्या गाडीची वाट बघताना मी तिला बैठकीबद्दल काही बोलणार होतो, पण गाडी वेळेवर आली.

आमचं यंत्र दोन वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली होतं. उंदरांनी वायर खाल्ली. शेवटी पंखा मी एका मिलला बसवून दिला आणि ड्रम कापून त्याच्या दोन चाळण्या केल्या. कापण्याआधी ताईला फोन केला होता. "विचारून काहून राहिला?" ती म्हणाली. "तुझ्या जागेत आहे ते." मी म्हणालो, तुझंही आहे. पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता. मग तिने आईच्या गुडघ्याचं विचारलं.

या दिवाळीला ती आली होती. शेडमध्ये आली, तेव्हा मी लेथवर होतो. यंत्र उभं होतं त्या कोपऱ्यात आता लोखंडाचे पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. तिने इकडेतिकडे बघितलं, म्हणाली, "जागा मोठी झाली रे." मी हो म्हणालो. ती थोडा वेळ स्टुलावर बसली, माझं काम बघत. मग आईने जेवायला बोलावलं म्हणून आम्ही शटर ओढलं.